ज्वारीचं स्पिरिट आणि यादोरावांचे पाय

आमगाव, दि. ९ ऑक्टोबर २००९

वडीलकीचे दुलीचंदभाऊ यांस डोमनलालचा रामराम. आपल्या गुडघ्यांची चौकशी आपल्या बहिणीने तीनदा करायला सांगितली आहे. तीनदा केली असं समजावं.

गेल्या रविवारी रिंकीला पाहायला सडक अर्जुनीचे यादोराव आपल्या उमेंद्रला घेऊन आले होते. त्याची हकीकत कुणी चुकीची कानावर घालण्याआधी मी बरोबर घालतो. (स्थळ आपणच आणलं, तेव्हा पहिला हक्क आपला.)

यंदा मी अर्ध्या एकरात गोड ज्वारी लावली. तिच्या धांड्यात उसासारखा रस असतो. त्यातून साखर, इंधन आणि तंतू तिन्ही निघतात, हे मी कोणत्याही कॉलेजात न जाता शिकलो. रस आटवून काकवी केली, ती मुंग्यांना पसंत पडली. चिपाडं सडवून दोर वळला, त्याला म्हैस बांधली. तिने दोर खाल्ला आणि फिरायला निघून गेली. इंधन मात्र साधलं. चाळीस लिटर रस आंबवला, ड्रमात तापवला, वाफ थंड केली. सव्वादोन लिटर स्पिरिट आलं. (आपली बहीण अडीच सांगते, ते चूक.) पाहुण्यांसमोर त्यावर स्टोव्ह पेटवून दाखवावा म्हणून मी ते लोट्यात भरून ओसरीवर ठेवलं. आपल्या बहिणीने तोच लोटा यादोरावांना पाय धुवायला दिला. धानाच्या बांधीत उभं राहून त्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या. ते एका पायावर थेट अंगणापर्यंत गेले.

"काऊन जी, पाय जळून राहिले ना! हे पानी कायचं होय?"

मी खरं तेच सांगितलं : ज्वारीचं, आंबवून, घरीच काढलेलं. पिऊ नका, पहिली धार विषारी असते, असंही बजावलं. त्यांनी एकदा ड्रमाकडे पाहिलं, एकदा उमेंद्रकडे.

"भट्टीवाल्याच्या घरी सोयरीक नाही करत आम्ही."

पोहे तसेच राहिले. रिंकी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मुलगा तिला पसंत होता, हे मला नंतर कळलं.

आपला,
डोमनलाल बिसेन

ता. क. : काल यादोरावांचा निरोप आला. चिखल्या चार दिवसांत सुकल्या. बोलणी पुढे न्यायला तयार आहेत, फक्त ड्रम कुणाचा याचा खुलासा मागतात.

ता. क. २ : खुलासा कळवला. ड्रम आपला आहे. आपण दारूबंदी समितीचे अध्यक्ष, आपल्यावर कोण संशय घेणार? परवा ते फुलचूरला आपल्याकडे खात्री करायला येतील. हे पत्र देणाऱ्या टेम्पोवाल्याकडेच ड्रम आहे, उतरवून घ्यावा. नळी वाकवू नये.