उंबऱ्यावर फुटलेल्या बांगड्या

शुक्रवार संध्याकाळ, पंचवटी

डाव्या हाताने लिहितोय. उजव्या मनगटात हिरव्या काचेचा तुकडा अजून तसाच आहे.

परवा दादाचं लग्न. आज घरातल्या बायकांना बांगड्या भरायला कासारीण आली. मी मागच्या दाराने सटकत होतो. मी मुलगा आहे, हे घरात सांगून सांगून घसा कोरडा पडला. दादाने कॉलर धरून ओढलं, पाठीत गुडघा घातला. "देवळ्याचे पाहुणे बघतील. भरा हिच्या हातात!" काकाने माझं कोपर दाबून धरलं.

कासारीण म्हणाली, "हात सैल सोडा हो, काच घुसंल पोरीला."

कोणी सोडला नाही. आई नुसती बघत होती.

बांगड्या चढल्यावर दादाची पकड ढिली झाली, तसा मी हात उंबऱ्यावर आपटला. सगळ्या फुटेपर्यंत आपटत राहिलो. रक्त दादाच्या नव्या कुर्त्यावर उडालं. त्याने थोबाडीत दिली. मला हसू का आलं?

आईने काचा गोळा केल्या. माझ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाही. "उद्या कासारणीला परत बोलावते," एवढंच बोलली.

तुकडा सलतोय. सलू दे.

बोलाव, आई. उंबरा कुठे पळून जात नाही.