वर लिहिलंय ना, बाबा

बाबा, आज दुपारी वडनेरहून एका माणसाचा फोन आला आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की माझं आताचं काम तुम्ही पाहिलंच नाही. आई शेजारणींना सांगते, "पोरगी कॉम्प्युटरमंधी हाय," जशी काही मी त्याच्या आत जाऊन बसले आहे. खरं तर मी नालवाडीच्या आपल्याच घरात, तुमची खाट होती तिथे टेबल टाकून बसते. वेबसाइटवर कोणती गोष्ट कुठे ठेवायची, तिला काय नाव द्यायचं, कशानंतर काय दाखवायचं, हे मी ठरवते. माणसाला कुणालाही न विचारता हवं ते सापडलं पाहिजे, एवढंच त्या कामाचं सार. तुमच्या मुलीने नेमकं हेच काम धरलं हे ऐकून तुम्ही पोट धरून हसला असता.

कारण तुम्हाला रस्ता म्हणून कधी सापडला नाही. आत्याच्या मुलीच्या लग्नाला आपण आष्टीला गेलो होतो, आठवतं? एसटीतून उतरलो तो बाजाराचा दिवस. मंडप दोन गल्ल्या सोडून होता, पण तुम्ही आधी मिरच्या विकणाऱ्या बाईला विचारलं, मग दोरखंडवाल्याला. आणि तुमचं विचारणंही कसं, तर आधी आपलं गाव सांगायचं, मग त्याचं विचारायचं, मग दोघांच्या ओळखीचा एखादा माणूस निघेपर्यंत हलायचं नाही. मी नवा फ्रॉक घालून उन्हात उभी. पोहोचलो तेव्हा हार घालून झाले होते आणि जेवणाची पंगत बसली होती. दोरखंडवाला दुकान पोराच्या भरवशावर टाकून आपल्याला सोडायला आला होता, तोही आपल्याच शेजारी जेवायला बसला. मी घास गिळत नव्हते, तर तुम्ही म्हणालात, "काऊन तोंड फुगवून राह्यली? मानसाले रस्ता इचारला त तो काई मारते का?" आत्या वाढता वाढता हसत होती. मला मात्र तेव्हा वाटलं होतं, मोठी झाले की मी कुणाला काही विचारणार नाही.

आजारपणात तर कहर केलात. दवाखान्यात भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'एक्स-रे' लिहिलेलं, खाली बाण, आणि त्या बाणाखाली उभे राहून तुम्ही झाडू मारणाऱ्या मावशीला विचारताय की एक्स-रे कुठे काढतात. मी म्हटलं, "बाबा, वर लिहिलंय ना." तुम्ही बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाण बोलते का माह्यासंगं?" मावशी पार दारापर्यंत आल्या. वाटेत त्यांच्या मुलाच्या नोकरीचं सगळं तुम्ही काढून घेतलंत. मी फाइल छातीशी धरून मागे चालत होते. तिथला जिना चढतानाचा तुमचा तो हळू झालेला आवाज अजून कानात आहे. खरं सांगायचं तर आता तो पूर्वीसारखा स्पष्ट येत नाही आणि त्याचीच मला भीती वाटते.

आमच्या कामात साइट तयार झाली की चारदोन माणसांना बोलावून बसवतात. त्यांना सांगायचं, अमुक शोधा, आणि आपण मागे गप्प बसून बघायचं. मदत करायची नाही, मान हलवायची नाही. माणूस समोर गोंधळतो, उलटसुलट फिरतो, आणि आपण हात बांधून बसायचं. तेव्हा मला हटकून तुम्ही दिसता. पानावर काहीही मांडताना मी आधी मनात तुम्हाला तिथे बसवते. बाबा इथे कुठे बोट ठेवतील? हे नाव वाचून त्यांना काय वाटेल? तुमच्यासाठी म्हणून मी अवघड शब्द काढले, अक्षरं मोठी केली. लोक म्हणतात, तुमच्या साइटवर चुकायला होत नाही. हे ऐकलं की आनंद होतो आणि मग एकदम रिकामं वाटतं. ज्यांच्यासाठी केलं ते तर येणारच नाहीत.

गेल्या महिन्यात एका दवाखान्याची साइट केली. सुरुवातीला अडचण आली तर म्हणून पानाच्या तळाशी माझा नंबर दिला होता. पहिल्या आठवड्यात पुष्कळ फोन आले, मग थांबले. आज सकाळी तिथले व्यवस्थापक म्हणाले, "मॅडम, आता कोणी विचारतच नाही. नंबर काढून टाका." म्हणजे काम उत्तम झालं. मी बरं म्हटलं आणि दुपारपर्यंत नंबर तसाच ठेवला.

मग तो वडनेरचा फोन. आवाज म्हाताऱ्या माणसाचा. आधी गाव सांगितलं, मग माझं गाव विचारलं. बायकोचा तपासणीचा रिपोर्ट त्यांना न चुकता सापडला होता, चांगला आला होता. अडचण पुढचीच होती. "बाई, रिपोर्ट त भेटला. आता याच्यातून बाहेर कसा निंगू? बंद केलं त पुसून त नाई जाईन?" मी म्हटलं, नाही जाणार, काका. मग त्यांना हळूहळू खाली सरकवलं, डॉक्टरांच्या पानावर नेलं, तिथून दवाखान्याच्या वेळा, तिथून नकाशा. मधे त्यांनी शेतातल्या पऱ्हाटीचं, कपाशीचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, वर्ध्याला आले की नालवाडीला घरी येतो म्हणाले. मी सारखी हो म्हणत होते.

हे लिहिलेलं तुम्हाला कुठे पाठवणार, ते इथेच कॉम्प्युटरमध्ये राहील. पण तुम्हाला सांगते. बाहेर पडायला त्यांनी पानावर वर लिहिलेल्या दवाखान्याच्या नावावर एकदा बोट ठेवलं असतं तरी पुरलं असतं. साइट मीच लावली आहे, मला माहीत होतं. मी त्यांना मुद्दाम लांबून आणलं, बाबा.