मी दाखवलेली जागा

प्रिय शिवानी,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. मनात काय आहे ते पुढं येईलच. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाचताना डोळे ताणावे लागतील. पण तू लोकांचे जुने फेरफार वाचतेस, विरलेल्या कागदावरचा कुणाचा अंगठा आणि कुणाची सही ते ओळखतेस, तर अज्जीची चार पानंही वाचशील की. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असतं तर दिवस मावळायच्या आत बसवण्णाच्या देवळाच्या कट्ट्यावर त्याची चर्चा झाली असती. आणि फोन केला असता तर तू मीटिंगमध्ये आहे म्हणून ठेवून दिला असतास. कागदाचं तसं नसतं. तो टेबलावर पडून तुझ्याकडं बघत राहतो.

आधी घरचं सांगते. म्हैस व्याली. रेडा झाला म्हणून तुझा बाप तोंड पाडून बसला होता, जसा काही म्हशीनं त्याला विचारून ठरवायचं होतं. माझा गुडघा आहे तसाच आहे. डॉक्टर म्हणतो खाली बसू नका. मी त्याला म्हटलं, मग चुलीपुढं काय तू येऊन बसणार का. शेंगाचटणी कुटून डब्यात भरून ठेवली आहे. दर वेळी बसच्या कंडक्टरजवळ देते तशी या वेळी दिली नाही. विसरले नाही, दिली नाही.

तुझ्या ऑफिसच्या पूजेला मी सोलापुरात सात रस्त्याला आले होते, तो दिवस हल्ली फार आठवतो. दारावर तुझ्या नावाची पाटी, त्याखाली जमीन खरेदी-विक्री व बिगरशेतीची कामे. मी ती मोठ्यानं वाचली आणि खालच्या झेरॉक्सवाल्यालाही वाचून दाखवली. आत एवढा गारठा की पदर डोक्यावरून कानाला गुंडाळला. तू मला त्या फिरत्या खुर्चीत बसवलंस आणि गर्रकन फिरवलंस. मी ओरडले, पण आतून मला बरं वाटलं होतं. आमच्या घरानं कोर्टाची पायरी चढली ती आरोपी म्हणून नाही तर वादी म्हणून, आणि आता तर खुर्चीच आमची, असं मनात आलं. तुझे अज्जा असते तर त्यांनी त्या खुर्चीला आधी विभूती लावली असती आणि मग विचारलं असतं, ही केवढ्याला पडली.

तुला वकील केलं ते त्यांनीच. पुस्तकांनी नंतर केलं असेल. शेजारचा कोंडीबा दर पेरणीला आपला बांध कोरायचा, ते तुला आठवत असेलच. एकदा त्यानं हद्दीचा दगडच उपटून आत सरकवायचं ठरवलं आणि ट्रॅक्टर घेऊन आला. अज्जा घरी नव्हते, तहसीलला गेले होते. तू सुट्टीची मळ्यात होतीस, फ्रॉक घातलेली, दोन वेण्यांची. तू जाऊन त्या दगडावर बसलीस. कोंडीबानं दम दिला, ट्रॅक्टर गुरगुरवला, मग गोड बोलला, खाऊला पैसे देतो म्हणाला. तू उठली नाहीस. मी भाकरी घेऊन आले तेव्हा तो ट्रॅक्टर मागं घेत होता आणि तू उन्हात लाल होऊन तशीच बसली होतीस. अज्जांना सांगितलं तर ते आधी जाऊन तो दगड बघून आले. नंतर ज्याला त्याला सांगत सुटले, माझी वकीलबाई आहे म्हणून. तुझ्या फीसाठी त्यांनी बैलजोडी विकली तेव्हा मीच भांडले होते त्यांच्याशी, आता पेरणी कशानं करायची म्हणून. ते म्हणाले होते, बैल बांध राखत नाहीत, पोरगी राखते.

आता जमिनीचं. मला ती विकायचं दुःख नाही, हे तुला माहीत आहे. काही बाया माती कपाळाला लावून रडतात, मी त्यातली नव्हे. आपलं ते रान म्हणजे वर वीतभर माती आणि खाली मुरूम. विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. शहर अक्कलकोट रस्त्यानं सरकत सरकत आपल्या बांधापर्यंत आलं, तर घ्या म्हटलं, राहा, घरं बांधा. तुझा बाप आणि तू त्या प्लॉटवाल्याला घेऊन आलात तेव्हा चहा मीच केला. मी एकच गोष्ट मागितली होती. अज्जांची जागा सोडायची, तिथपर्यंत जायला पायवाट ठेवायची, बाकी सगळं घ्या. तू म्हणालीस, अज्जी, ती जागा मी नकाशात मोकळी सोडते, बागेसारखी, तिथं कुणाला बांधता येणार नाही. त्या शब्दावर मी संमतीपत्रावर सही केली. अंगठा नाही, सही. तू शिकवलेली, एका दमात जोडून काढायची.

तुझ्यासारखी शिकलेली माणसं जागा म्हटलं की चौरस फूट धरतात. मी काय धरते ते सांगते. अज्जा गेले तेव्हा तू वकिलीच्या पहिल्या वर्षाला होतीस. आपल्या लिंगायतांत जाळत नाहीत, माणसाला मातीत बसवतात. त्यांना खड्ड्यातल्या कोनाड्यात मांडी घालून बसवलं, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवलं, अंगभर विभूती, वर बेलाची पानं. जंगमस्वामींनी मंत्र म्हटला. त्यांनीच मरायच्या आधी बजावून ठेवलं होतं, वर चबुतरा बांधू नका, नांगर अडतो. असला माणूस. मेल्यावरही नांगराचं बघणारा. म्हणून वर एक साधा दगड ठेवला आणि एक बेल लावला. त्या बेलाला पहिलं पाणी तू घातलंस, तांब्या घेऊन, रडत. आणि खड्डा खणताना मी उजव्या अंगाला एवढी जागा मोकळी ठेवायला लावली. कुणाला कारण विचारू दिलं नाही. ती माझी. तुझ्या बापानं पुढं कधी तिथं नांगर घातला नाही, एवढी अक्कल त्याला होती.

म्हणून तू त्या दुपारी आलीस आणि म्हणालीस, अज्जी, चल, अज्जा नेमके कुठं आहेत ते मला दाखव, तेव्हा मला भरून आलं. मला सहसा येत नाही. म्हटलं, पोरगी मोजमाप घेऊन जागा पक्की करणार. गुडघा दुखत असताना मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून बांधाबांधानं गेले. दगड गवतात झाकला होता, बेल खुरटा राहिलेला, नवख्या माणसाला काहीच दिसलं नसतं. मी दाखवलं, इथून इथपर्यंत ते, आणि हे माझं. तू म्हणालीस, अज्जी, तशीच थांब, बोट तसंच धर. आणि माझा फोटो काढलास. मी पदर नीट केला. हसले पण. मला वाटलं ऑफिसात लावशील.

अमावास्येला मी नैवेद्य घेऊन गेले. दर अमावास्येला जाते, वरणभात आणि थोडी आंबील, त्यांना ताक जास्त लागायचं. लांबून बघितलं तर रान ओळखू येईना. सगळं सपाट, तांबडा मुरूम पसरलेला, वर रोलर फिरवलेला. बेल मुळासकट उपटून कुंपणाला टाकला होता, पानं वाळून गेली होती. दगड कुठंच नाही. बाजूला आपल्याच गावचा धुळा त्याच्या जेसीबीच्या सावलीत डबा खात बसला होता. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही, त्याची आई वारलेली आहे, तिलाही मी सोडलं नाही. तो डबा ठेवून उभा राहिला. म्हणाला, "अज्जी, मला काय ठावं? मॅडमनीच जागा दावली की." आणि खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

त्यात मीच होते. पदर नीट केलेला, हसरी, बोट खाली धरलेलं. त्या बोटाखालचा दगड काढायचा आणि झाड काढायचं, महसूलचे सर्कलसाहेब जमिनीच्या पाहणीला यायच्या आत, असं त्याला सांगितलेलं.

शिवानी, कोंडीबानं बांध कोरला तेव्हा मला राग आला होता. पण तो परका होता, आणि त्याला हद्द आमच्यातल्या कुणी दाखवली नव्हती.

धुळा बसवण्णाची शपथ घेऊन सांगतो की त्यानं वरवरच काढलं, खाली जेसीबीची बकेट घातली नाही. म्हणजे ते अजून आहेत, मुरुमाखाली. मी बांधापासून पावलं मोजून नैवेद्य ठेवला आणि घरी आले. तुझ्या बापाला विचारलं तर तो मोबाईल उलटासुलटा करत बसला. शेवटी बोलला, की मधोमध समाधी असली की बाजूचे प्लॉट कुणी घेत नाही, आणि बिगरशेतीच्या अर्जात जमिनीवर काही नाही असं लिहून झालं आहे, आता मागं येता येत नाही. रस्ता आणि गटार तिथूनच जाणार आहे म्हणाला. गटार. मी त्याला जेवायला वाढलं नाही. सून वाढायला उठली, तिलाही बसवलं.

मग तुला फोन केला. तू लगेच उचललास, म्हणजे बापानं आधी कळवलं होतं. तू रडशील, चिडशील, खोटं बोलशील, सगळ्याची मी तयारी केली होती. तू कोर्टात बोलतात तसं बोललीस. "अज्जी, रेकॉर्डला तिथं काहीच नाही."  जे कागदावर नाही ते राखायला तुला शिकवलं होतं. बांधाचा तो दगड तरी कुठल्या कागदावर होता? आणि तू वकील आमची की त्या प्लॉटवाल्याची, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. नंतर कळलं, दोघांचीही. एकाच खुर्चीत बसून दोन्हीकडं फिरता येतं, म्हणूनच ती फिरती घेतली असावी.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. मी परवा एकटी सोलापूरला आले होते. तुझ्याकडं नाही, कोर्टाकडं. तिथं झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या एका वकिलाला सगळं सांगितलं. चांगला माणूस, वयस्कर, कानावर केस असलेला. तो म्हणाला, आजी, आज हरकत दाखल करू, काम थांबेल. आणि दोन्हीकडची वकिली आणि खोटं लिहिणं यावर वेगळी तक्रार करू, त्या बाईंची सनद जाऊ शकते. त्यानं कागदही काढला. कुठं सही करायची तिथं पेन टेकवून दाखवलं. मी सनद म्हणजे काय ते नीट विचारून घेतलं. मग त्याचा चहा प्याले आणि उठले. बस पकडायची आहे म्हटलं. तो मागून हाक मारत होता. बैलजोडी गेली त्या सनदेत, आणि ती मोडायची झाली तर मला अज्जांना विचारायला हवं, आणि ते मुरुमाखाली आहेत.

तर हे पत्र त्या तक्रारीच्या जागी लिहिते आहे. सोमवारी सर्कलसाहेब आणि तलाठी पाहणीला येणार, हे धुळ्याकडून कळलं. मी सकाळीच जाऊन माझ्या जागेवर बसणार, त्यांच्या उजव्या अंगाला. दगड नसला तरी मला ती सापडते. डॉक्टर खाली बसू नको म्हणतो, तरी बसणार, आणि एकदा बसले की माझं मला उठता येत नाही. बसून कसं राहायचं ते एका फ्रॉकवालीनं मला दाखवलं आहे. तू बापाला पाठवू नकोस, धुळ्यालाही नको, तो बिचारा लांब उभा राहून रडेल. तू स्वतः ये. तो फोटो तुझ्या मोबाईलमध्ये असेलच. धुळ्याला दाखवलास तसा तो साहेबाला दाखव, आणि मी बोट कशाकडं धरलं आहे ते तुझ्या तोंडानं सांग. ते जमणार नसेल तर माझ्या काखेत हात घालून मला तिथून उठव, सगळ्यांसमोर, आणि मग साहेबाला सांग की इथं काही नाही.

चटणीचा डबा मी बरोबर आणते आहे. घरी न्यायचा की नाही ते तू तिथंच ठरव.

सोमवारपर्यंत तरी तुझीच,
गुरम्मा अज्जी