मशीनमधली घरघर

२० मार्च १९६०, रविवार

नाक कापलं आज! नेरे गावी भर कार्यक्रमात माझ्या लाउडस्पीकरच्या मशीननं दगा दिला. दादानं पोवाड्याचा चढ घेतला आणि कर्ण्यातून नुसती घरघर — मडक्यात खडे घालून हलवावेत तशी. मागची पोरं हसली. पोरं कसली, चांगली मिशीवाली माणसं! दादानं डफावर थाप मारून वेळ निभावली. "आमच्या गेणूच्या मशीनला खोकला झालाय मंडळी, त्याला बी म्हाराष्ट्राची घाई झालीया!" लोक खूष. मला मात्र तोंड कुठं लपवू असं झालं. फौजेत सिग्नलमध्ये असली कैक यंत्रं मी चिखलात बसून बोलती केली, आणि सख्ख्या भावाच्या कार्यक्रमात हे!

येताना गाडीत, पौड जवळ आल्यावर दादा म्हणाला, "एक मेला हितं पौडच्या सभेत पयला पोवाडा माझा हाय गेणू. तवा असलं नगं व्हायला."

दुसऱ्या कुणी सुनावलं असतं तर भांडलो असतो. पण हा माणूस संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव गात हिंडलाय. मी फौज सोडून हे मशीन जुळवेपर्यंत तर उघड्या गळ्यानंच. एकेका सभेला दोन दोन हजार माणूस! आता राज्य होतंय. त्या दिवशी त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायलाच हवा. तो नेणं माझं काम आहे.

२२ मार्च

सापडलं! सापडलं!

मशीन उघडलं आणि कपाळावर हात मारून घेतला. गेल्या खंडेनवमीला दादानं नांगर, विळे, कोयते यांच्या पंगतीला माझं मशीनही बसवलं होतं. हळदकुंकू, झेंडूची माळ — इथवर ठीक. पण नारळ फोडला तो मशीनच्या डोक्यावर धरून! पाणी झाकणाच्या भोकांतून थेट आत. मी ओरडलो होतो तेव्हा. वहिनी म्हणाल्या, "द्येवाचं पानी हाय भावजी, त्यानं काय हुतंय?"

हे होतंय! मोठ्या व्हॉल्व्हच्या, ज्या काचेच्या दिव्यावर सगळं मशीन चालतं त्याच्या, बैठकीला हिरवा गंज चढलाय आणि त्यात कुंकवाचा चिकटा. नांगर धुऊन निघतो, व्हॉल्व्ह नाही निघत. सगळ्यांना बोलावून दाखवलं. दादा वाकून बघत राहिला. "मग ह्येच का रं कारण?" हेच, म्हटलं. दुसरं काय असणार? त्याचा चेहरा इतका खुलला की मला रागवायचं होतं ते राहूनच गेलं.

२३ मार्च

स्पिरिटनं बैठक धुतली, तारांना नवा डाख दिला. "हॅलो, हॅलो" — खणखणीत! दादाला म्हटलं, जरा गाऊन बघ. म्हणाला, "एक मेसाठी गळा राखून ठिवलाय." हसलो दोघेही.

२७ मार्च, रविवार

पुन्हा घरघर. भूगावला. आज तर पहिल्याच चढाला.



३० मार्च

पुण्याला जाऊन आलो. बुधवार पेठेतल्या दुकानातून नवा व्हॉल्व्ह आणला, दोन कंडेन्सर आणले. दुकानदार म्हणाला, कर्ण्याचा पडदा फाटला असेल. पडदा शाबूत आहे, मी काय आंधळा आहे? तरी घरी येऊन परत उघडून पाहिला.

जेवताना दादा भाकरी ताकात कुस्करून, अगदी लापशी करून खात होता. हसून म्हणालो, दात पडले का रे? वहिनी म्हणाल्या, "म्हैना झाला, असंच चाललंय ह्यांचं." दादानं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या चुलीपुढून उठूनच गेल्या.

५ एप्रिल

माईक बदलला. वायर बदलली. बॅटरी भरून आणली. माझ्या तोंडून आवाज स्वच्छ. दादाच्या तोंडून घरघर. माझा आवाज मुळात खालचा, त्यात दोष दिसत नसेल. वरच्या पट्टीतच काहीतरी फाटतंय. काय फाटतंय? झोप नाही, अन्न गोड लागत नाही. मशीन उचलून धरणात टाकावंसं वाटतं.

११ एप्रिल

घोटावड्याला पौर्णिमेची जत्रा.

मधेच दादाला ठसका लागला. तो पाणी प्यायला बाजूला गेला. खोळंबा नको म्हणून भिवाजी पुढं आला — आमचा चुलतभाऊ, दादाच्या मागं उभा राहून झील धरणारा. तो कधी माईकपाशी येत नाही. आज आला आणि दादाचाच चढ त्यानं घेतला. कर्ण्यातून आवाज असा गेला की पार नदीपलीकडची माणसं थांबून बघायला लागली. जरा खरखर नाही, एक चिरका सूर नाही!

मी बटणावर हात ठेवून बसलो होतो. तेच मशीन. तोच माईक. पट्टी तीच.

मग दादा परत आला, आणि घरघरही परत आली.

माईकच्या अलीकडे सगळं ठीक आहे. बिघाड पलीकडे आहे. इतके दिवस मी तारा घासत बसलो! समोर बसून भाकरी कुस्करणारा माणूस मला दिसला नाही!

१२ एप्रिल

मशीनला हात लावला नाही. दादानं विचारलं, "सापडला का बिघाड?" म्हटलं, बघतोय.

१८ एप्रिल

व्हॉल्व्ह आणायचाय, सोबत चल, येता येता घसाही दाखवू — असं सांगून दादाला पुण्याला नेलं. एरवी दहा सबबी सांगतो. आज निमूट आला.

डॉक्टरनं घशात लहानसा आरसा घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दादाला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा." दार लोटून घेतलं.

"भाऊ ना तुम्ही? गाठ आहे. बरीच वाढलीय. मुंबईला न्यावं लागेल. स्वरयंत्रच काढावं लागेल."

"म्हणजे गाणं?"

"गाणं कसलं घेऊन बसलात? बोलणंसुद्धा जाईल. आणि एवढं करूनही मी खात्री देत नाही. त्यांना एवढ्यात काही सांगू नका."

त्यांनीच मुंबईला फोन लावला. खाट पाच मेला मिळेल म्हणाले.

स्वरयंत्र म्हणे. यंत्र! आणि त्यातलं मला काही कळत नाही.

परतीच्या एस.टी.त दादा खिडकीपाशी बसला. डॉक्टर काय म्हणाला, असं एकदाही विचारलं नाही. बरं झालं. विचारलं असतं तर मी तिथंच रडलो असतो.

२० एप्रिल

वहिनींनी गोठ्यात गाठलं. "ह्यास्नी काय झालंय? खरं सांगा भावजी." म्हटलं, घसा बसलाय. त्या शेणाचे हात तसेच घेऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमी लहान हुतासा तवाबी खोटं बोलताना असंच खाली बघायचा." आणि कामाला लागल्या.

२४ एप्रिल, रविवार

मेलो तर बरं, असं वाटण्याचा दिवस. दादा ओट्यावर बसून पौडच्या पोवाड्याला नवा चौक, म्हणजे एक कडवं, जोडतोय. ओठ हलतात, आवाज काढत नाही. नव्या राज्यावरचा चौक आहे. चांगला आहे. फार चांगला आहे. भिवाजीला पुन्हा पुन्हा म्हणायला लावतो आणि हातानं दाखवतो — इथं वर, इथं थांब.

मी त्याला थांबवू शकत नाही. काय म्हणून थांबवू? थांबवलं तर कारण सांगावं लागेल.

२९ एप्रिल

ठरलं. कुणाला सांगायचं नाही.

पौडला हजारोंनी माणूस येणार. त्या सगळ्यांच्या पुढं, इतक्या वर्षांनी आलेल्या दिवशी, त्याचा आवाज फाटणार आणि माझा कर्णा ती घरघर डोंगरापर्यंत पोचवणार. लोक हसणार. आयुष्यभर गायला, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहणार. नाही! मी असेपर्यंत नाही.

मशीन बंद असेल तर तो उघड्या गळ्यानं गाईल. पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल, आणि त्या आपल्याच माणसांच्या आहेत. बाकीच्यांना फक्त डफ दिसेल आणि उचललेला हात. मशीन बिघडलं म्हणतील, गेणबाच्या नावानं खडे फोडतील. फोडोत!

सभा सुरू व्हायच्या आधी मोठा व्हॉल्व्ह काढून खिशात टाकायचा. एवढंच काम. जन्मभर मशीनं दुरुस्त केली, बिघडवायला असा किती वेळ लागतो?

१ मे १९६०, रविवार

सभेआधी मशीनचं मागचं झाकण उघडलं. व्हॉल्व्हची जागा रिकामी होती.

वर मंचावर पाहिलं तर दादा डफ घेऊन उभा. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उघड्या गळ्यानं गायला. पुढच्यांनी फेटे उडवले, मागच्यांनी मला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. खाली उतरून त्यानं फेट्याच्या शेमल्याची गाठ सोडली आणि व्हॉल्व्ह माझ्या हातात ठेवला.

"डाक्टरनं मला भाईर बसवलं, तुला आत ठिवलं. तवाच समजलं, गेणू." आवाज असा की कान जवळ न्यावा लागला. "बसव आता त्यो. फुडला चौक भिवाजी म्हणंल."