पक्क्या वहीतला नाला

सर, आज दुपारी मुख्याध्यापिकांनी बोलावून एक छापलेला ईमेल माझ्या हातात दिला, तेव्हापासून तुमच्याशी बोलावेसे वाटते आहे. ईमेल जपानमधल्या त्याच शाळेचा आहे. दोन्ही शाळांनी मिळून पाण्याच्या नोंदी पुन्हा सुरू कराव्यात का, असे त्यांनी विचारले आहे. मी आता मुकुंदवाडीच्या आपल्याच शाळेत विज्ञान शिकवते. तुमच्या प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे असतात, आणि त्या हातात घेताना मला अजूनही कुणाची तरी परवानगी घ्यावीशी वाटते.

मी नववीत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही आम्हा सहा जणांना शाळेमागच्या नाल्यावर न्यायचात. तळाशी काळी फुली काढलेली ती उंच काचेची नळी तुमच्या खांद्यावर असायची. नळीत हळूहळू नाल्याचे पाणी ओतायचे, वरून डोकावत राहायचे, आणि ज्या उंचीला फुली दिसेनाशी होईल तो आकडा लिहायचा. पाणी जितके गढूळ, तितका आकडा लहान. त्याच आठवड्यात तिकडे जपानमधली मुले त्यांच्या गावच्या ओढ्यावर हेच करत असत, आणि महिनाअखेरीस दोन्हीकडचे आकडे एकमेकांना जात. आम्ही नाकाला रुमाल लावले की तुम्ही म्हणायचात, “नाक काय झाकता रं, नाला आपलाच हाय!” त्यावर एकजण म्हणाला होता, “आपला हाय म्हणूनच झाकतोय, सर,” आणि सर्वांत मोठ्याने तुम्हीच हसला होता. मला पाण्याजवळ जायचा संकोच वाटे. माझे अक्षर चांगले, म्हणून वह्या तुम्ही माझ्याकडे दिल्या. नाल्यावर कच्ची वही, आणि रविवारी घरी बसून पक्की.

आकडे मात्र वेड्यासारखे उड्या मारत. एका शनिवारी नळी जवळजवळ भरली तरी फुली स्पष्ट दिसे. पुढच्या शनिवारी चार बोटे पाण्यातच ती नाहीशी होई. “सर, हे जुळत नाही,” असे मी धीर करून म्हणाले, तेव्हा नळी पुसता पुसता तुम्ही डाफरलात, “अगं, नाल्याला काय बोर्डाची परीक्षा द्यायचीय व्हय? यील ते लिही.” मी मान डोलावली, आणि रविवारी घरी येऊन आकडे जुळवले. प्रात्यक्षिकाच्या वहीत आम्ही सगळेच उत्तर पुस्तकातल्या उत्तराजवळ आणत असू. त्याला कुणी खोटे म्हणत नसे, नीटनेटकेपणा म्हणत. तसाच मी नालाही नीटनेटका केला. पावसाळ्यात गढूळ, मग महिन्यामहिन्याला थोडा थोडा निवळत जाणारा. आलेख फार देखणा झाला. तुम्ही तो शिक्षकांच्या खोलीत भिंतीवर लावलात. त्यानंतर कच्ची वही मी रद्दीत घातली.

वर्षाच्या शेवटी मुख्याध्यापकांच्या खोलीत लॅपटॉपसमोर आपण सगळे दाटीवाटीने बसलो होतो. पडद्यावरच्या जपानी शाळेतल्या बाईंनी आधी पुष्कळ कौतुक केले, मग अतिशय नम्रपणे म्हणाल्या की तुमचा नाला फारच शिस्तीचा दिसतो. पाण्याजवळ लिहिलेली मूळ वही पाहायला मिळेल का? मुले हसली. तुम्ही माझ्याकडे वळलात. “कच्ची वही कुठंय गं?” मी म्हणाले, “हरवली, सर.” तुम्ही मोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितलेत की चूक तुमची आहे, नळी कशी धरायची ते मुलांना तुम्हीच नीट शिकवले नाही. दोन्ही शाळांची मिळून जी पुस्तिका निघाली, तिच्यात आपल्या नाल्याचे पान आले नाही.

त्या दिवशी प्रयोगशाळेला कुलूप लावताना तुम्ही स्वतःशीच बोलावे तसे बोलत होता. वरच्या अंगाला ठरावीक शनिवारी कुणीतरी नाल्यात काहीतरी सोडते, असा तुम्हाला संशय होता. कुठल्या शनिवारी, ते नोंदींतून निघेल, आणि मग त्या घेऊन महापालिकेत जायचे, असे तुम्ही ठरवले होते. “आता काय घिऊन जाऊ तिथं?” तुम्ही म्हणालात. मी शेजारीच उभी होते. खरे आकडे निदान आठवून तरी पाहावेत, म्हणून त्या रात्री कोरी वही घेऊन बसले. एकही आठवला नाही.

दहावीच्या सुट्टीत तुम्ही गेलात. आम्ही देवगाव रंगारीला तुमच्या घरी आलो होतो. काकूंनी मला आपल्याजवळ बसवून घेतले. “तुझं नाव लई घ्यायचे गं. पण ती नळी शेवटपर्यंत बोचली त्यांना. ‘पोरांना मीच नीट शिकवलं नाय’ म्हणायचे.” माझ्या हातात चहाचा कप होता. निघता यावे म्हणून मी तो पोळत असतानाच संपवला. तोवर मला वाटत होते की तुम्हाला सगळे कळले होते आणि मला वाचवण्यासाठी तुम्ही दोष घेतलात. तुम्ही तर तो खराच मानला होता.

काकू अजून तिथेच राहतात. हे पत्र त्यांच्या पत्त्यावर पाठवता येईल. सुरुवात करताना तसे मनातही होते. पण इथवर लिहून झाल्यावर कळते की ते होणार नाही. काकू मला अजून दिवाळीला फोन करतात, आणि तो फोन बंद झालेला मला सोसणार नाही. जपानच्या शाळेला मात्र आज संध्याकाळी उत्तर पाठवले. त्या वर्षीच्या नोंदी खोट्या होत्या, शिक्षकांची त्यात काहीही चूक नव्हती, असे स्पष्ट लिहिले. पण सर, त्या उत्तरात मी ‘आमच्या एका विद्यार्थिनीने’ असे लिहिले आहे, आणि खाली शिक्षिका म्हणून सही केली आहे.