सुमनच्या पत्रातले 'द'

मिल्टन कीन्स, रविवार, ३ नोव्हेंबर २०१९

आज सुमनच्या वर्षश्राद्धाला आमचा मुलगा पाहुण्यांना म्हणाला, "आईने महिनोन्‌महिने क्लेम केलाच नाही. शेवटी एजंटला दिला, त्याने वन-थर्ड घेतले." हे चूक आहे. कर्जासोबत बँकेने गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे परत मागणारे पत्र सुमनने स्वतः लिहिले होते. दोन पाने, इंग्रजीत. मी त्यात लाल शाईने एकोणीस ठिकाणी राहून गेलेला 'द' (the) घातला. मजकूर चोख होता. बँकेला तो कळला असता. मग एकोणीस 'द' कशासाठी?

एजंटचा करार पाहून मी चिडलो. "फुकट होणाऱ्या कामाला पैसे?"

"अहो, तो निदान माझ्या चुका तरी काढत नाही," ती हसून म्हणाली. मीही हसलो. त्यानंतर शेजारणीचे वाढदिवसाचे कार्डसुद्धा ती माझ्याकडून लिहून घेई. ते माझ्या ध्यानात आज येते आहे.

मुलाला मी काही बोललो नाही. या डायरीत तरी तारखा शुद्ध असाव्यात:

६ मार्च २०१८: सुमनने पत्र लिहिले.
७ मार्च: मी ते तपासले.
८ मार्च: तिने एजंटच्या करारावर सही केली. मराठीत.