ताटली पुसू नकोस

३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

बाबांचा खोकला अजून हटत नाही हे वाचून जीव टांगणीला लागला. तू म्हणतेस, हा सगळा वाऱ्याबरोबर येणाऱ्या तांबड्या धुळीचा प्रताप. बघूच या! गच्चीवर पांढरी ताटली ठेव आणि महिन्याने तिच्यावरची धूळ पुडीत बांधून पाठव. आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर हेच चालतं. लोह असलेली तांबडी धूळ ऊन शोषून हवा तापवते, फिकी धूळ ऊन परत फिरवते. छातीत गेल्यावरही प्रत्येकीचे गुण निराळे. फक्त, माझे आई, ताटली पुसू नकोस!

तुझ्या मायेची धनीण,
ठकी

८ मार्च

चि. ठकीस,
अ. आ.

घात झाला गं! पाहुणे येणार म्हणून गच्ची धुतली आणि हाताच्या सवयीने ताटलीही लख्ख घासली. तू ओरडशील म्हणून बाबांच्या मागच्या खोलीतल्या कपाटावरची धूळ पाठवते आहे. तिथे ते दगडी पाट्या कापतात, कोरतात आणि मला झाडू लावू देत नाहीत, त्यामुळे माल भरपूर आहे. शेवटी धूळ ती धूळ, नाही का? मी मात्र सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या आहेत.

रागावलीस तरी लोभ ठेव.
आई

१९ मार्च

ती. आई-बाबांस,
सा. न.

आई, तुझा वेंधळेपणा देवासारखा धावून आला. पुडीत तांबडी धूळ नावाला आहे. बाकी सगळी गारगोटीची बारीक पूड. बाबा, ती तुमच्या कटरची आहे; वारा बिचारा उगाच बदनाम झाला. ही पूड छातीत खोल रुतली की तिथेच राहते. मला फार भीती वाटते आहे. डॉक्टरांना दाखवा, कोरडा दगड कापणं आजच बंद करा आणि आधी त्या खिडक्या उघडा.

माया कमी करू नका.
ठकी

२ मे

चि. ठकीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून बाबा फुरंगटून बसले. जन्मभर ज्या दगडाने पोसलं तो वैरी कसा, म्हणाले. मग निमूट डॉक्टरांकडे आले. छातीत थोडे डाग आहेत, पण वेळेत आलात असं डॉक्टर म्हणाले. आता कटरवर पाण्याची नळी बसवली आहे, मास्कही लावतात. खोलीभर चिखल आणि माझी चिडचिड! खोकला बराच कमी आहे.

ताटली या वेळी त्यांनी स्वतः कटरच्या टेबलाशेजारी ठेवली आणि मला दम भरला. तीच पाठवते आहे. पुडी बांधण्याइतकं काही निघालंच नाही. हसू नकोस. तुझी शपथ, मी तिला हातही लावलेला नाही.

तुझीच,
आई